गाशा गुंडाळणारी दुकाने आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सुरगाणा मुक्कामी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत.)



या व्यासपीठावरून दरसाल विद्येविषयी, लग्नातील खर्चाविषयी अथवा वसतिगृहाच्या निधीविषयी बोलण्याचा प्रघात आहे. यंदा चिटणीसांनी आम्हांस ‘विषय आपल्या आवडीचा निवडावा’ असे पत्र धाडले. ही त्यांची चूक झाली असे कार्यक्रम संपेपर्यंत त्यांस वाटू नये, एवढीच आमची इच्छा आहे. दुकानदारांपुढे दुकानाविषयी बोलणे म्हणजे काशीस जाऊन गंगेचे माहात्म्य सांगणे होय, हे आम्ही जाणतो. तथापि दुकान कसे चालवावे हे सांगावयास आम्ही उभे राहिलो नाही. ते आपणांपैकी ज्याची मुंज झाली नाही अशा पोरासही ठाऊक असते. दुकान उठते कसे, आणि उठत्या दुकानातून आपण हौसेने खरेदी करतो तेव्हा आपण नेमके काय करीत असतो, याविषयी थोडे बोलावे असे मनात आहे.

हा विषय आम्हांस एका लग्नाच्या बस्त्याने दिला. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही सहकुटुंब नाशकास गेलो होतो. आमच्या सासुरवाडीच्या मंडळींच्या वस्तीत एका साखळी-भांडाराची शाखा होती. नाव सांगत नाही, कारण त्याचा आपल्या बोलण्याशी संबंध नाही. बारा वर्षे नाशकास जाणे झाले की परतीच्या दिवशी त्या दुकानात एक फेरी ठरलेली असे. तेल, चहा, साबण, मुलांसाठी बिस्किटे, आणि ज्याची गरज नाही अशी एखादी प्लास्टिकची वस्तू. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, तेथे कोणी ‘काय देऊ?’ म्हणून विचारीत नाही, हेच सुख. दुकानदाराच्या घरात नांदणाऱ्या बाईने असे म्हणावे, याचे आम्हांस पूर्वी वैषम्य वाटे. पुढे आम्हीही ती ढकलगाडी ढकलू लागलो आणि वैषम्य मावळले.

त्या दिवशी आत पाऊल टाकताच आम्हांस काही खटकले. मांडणी भरलेली होती, पण ती भरलेली दिसावी अशा बेताने भरलेली होती. प्रत्येक वस्तूची एकच ओळ फळीच्या अगदी कडेशी आणून ठेवलेली, आणि तिच्यामागे हात घालावा तो पोकळी. एका संपूर्ण फळीवर एकाच जातीचे लोणचे. मीठ नाही, साखर नाही, नावाजलेल्या कंपनीचे तेल नाही. उलट भांडाराच्या स्वतःच्या नावाचा साबण, स्वतःच्या नावाचे मसाले, स्वतःच्या नावाचा फरशी पुसण्याचा द्राव मात्र हवा तेवढा. वरचे दिवे एकाआड एक मालवलेले होते आणि गारव्याचे यंत्र बंद होते. आम्ही सौभाग्यवतींस म्हणालो, ‘हे दुकान महिन्याभराचे सोबती आहे.’ त्यांनी आमच्याकडे अशुभ बोलणाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले. सहा आठवड्यांनी दारावर ‘शाखा बंद होत आहे, सर्व मालावर भरघोस सूट’ असा फलक लागला.

यात आमची भविष्यवाणी काही नाही. ज्याने पेढीवर चार वर्षे काढली आहेत त्यास हे दिसतेच. रोजच्या खपाचा माल देणारा घाऊक व्यापारी अथवा कंपनीचा वितरक आठपंधरा दिवसांच्या उधारीवर माल टाकीत असतो. पैसे अडकू लागले की तो प्रथम हात आखडतो. म्हणून आधी नाहीसा होतो तो सर्वांत अधिक खपणारा माल. मीठ, साखर, तेल, बिस्किटे. ज्याचे पैसे आधीच दिले गेले आहेत किंवा ज्यास दुसरीकडे गिऱ्हाईकच नाही, तो माल मागे राहतो. गिऱ्हाईक मात्र मिठासाठीच येते आणि मीठ घेताना आणखी चार वस्तू उचलते. मीठ गेले की ते गिऱ्हाईक जाते, आणि गिऱ्हाईक गेले की उरलेले वितरकही हात आखडतात. दुकान मरते ते असे, फळीफळीने.

फलक लागल्यावर आम्ही पुन्हा गेलो. खरे सांगावयाचे तर मुद्दाम गेलो. सकाळी दहाला दार उघडण्यापूर्वीच रांग होती. रांगेत वकील होते, शिक्षक होते, आणि आपल्याच ज्ञातीतील चार कुटुंबे होती; त्यांत दोघे किराणा दुकानदार. आम्ही एकमेकांस पाहून हसलो, पण ते हसू जरा ओशाळे होते. ज्या भांडारांमुळे आपला धंदा बुडतो म्हणून आपण याच मंडळाच्या सभेत ठराव केला, त्यांपैकी एक बुडत असता त्याचा माल स्वस्तात उचलावयास आपणच पहिल्या रांगेत होतो.

आणि तेथेच, पैसे घेण्याच्या खिडकीवर, आमचा पुतण्या उभा होता.

येथे थोडे मागे जावे लागेल. आमचे थोरले बंधू येथेच, सुरगाण्यास, वडिलांची पेढी चालवितात. त्यांचा हा धाकटा मुलगा आठ वर्षांपूर्वी बापाशी भांडून नाशकास निघून गेला आणि त्या भांडारात लागला. भांडण पैशावरून नव्हते. एके दिवशी बाजारच्या गर्दीत त्याने पाहिले की एकाच पोत्यातील तांदूळ बापाने तिघांस तीन भावांनी दिला. रात्री तो म्हणाला, ‘बाबा, आपल्या दुकानात भाव मालावर नसतो, गिऱ्हाइकाच्या तोंडावर असतो.’ आमच्या बंधूंनी उत्तर दिले की, जो रोख देतो आणि जो होळीपर्यंत थांबवितो त्या दोघांस एक भाव कसा परवडेल? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, म्हणूनच ते भांडण मिटले नाही. मुलगा जेथे प्रत्येक फळीवर भावाची चिठ्ठी लावलेली असते आणि कलेक्टरसाहेबांस व हमालास एकच भाव लागतो, अशा ठिकाणी जाऊन चाकरी करू लागला. बारा तास उभे राहावे लागे. पगार बेताचाच. पण सणाला घरी आला की तो त्या चिठ्ठ्यांविषयी असे बोले की जणू त्या त्यानेच शोधून काढल्या आहेत.

त्या सकाळी त्याने आम्हांस पाहिले, आमच्या गाडीतील जिन्नस पाहिले, आणि हळूच म्हणाला, ‘काका, ती तूरडाळ परत ठेवा. तारीख बघा. आणि काकू, ही कढई मागच्या महिन्यात याहून वीस रुपये स्वस्त होती. आधी पूर्ण छापील किंमत धरली आणि मग त्यावर सूट दाखविली.’ आम्ही विचारले, ‘अरे, तुझे पुढे काय?’ तो म्हणाला, ‘मांडण्या विकून होईस्तोवर आहे.’ मागे रांग खोळंबली होती, म्हणून आम्ही पुढे सरकलो.

सौभाग्यवतींकडे त्याच भांडाराचे दोन हजारांचे भेटकूपन होते. ते चालत नाही असे सांगण्यात आले. बारा वर्षांत साठविलेले गुणही गेले. ‘कालपर्यंत चालत होते ना?’ असे त्यांनी विचारले, पण ज्यास विचारले तो चाकर होता आणि त्याचाच दोन महिन्यांचा पगार थकला होता. त्याच्याशी वाद तो काय घालावा?

बंधू-भगिनींनो, घरगुती कथा येथे थांबवून आता थोडे व्यापक दृष्टीने पाहू.

साखळीची दुकाने ही धनिकांची युक्ती आहे अशी आपली समजूत आहे. वस्तुतः इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस गरीब कारागिरांनी, त्यांत काही विणकर, वर्गणी काढून एक दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ असे मोजके जिन्नस. माप खरे, माल निर्भेळ, व्यवहार रोखीचा, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांस परत. जगातील ग्राहक-सहकाराची परंपरा त्या दुकानापासून मोजतात. आपल्याकडे १९४८ साली मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ निघाले ते याच विचाराने. गिरणगावातील घरांत महिन्याचे सामान त्या नावाने भरले जाई. पुढे १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि महागाई भडकली तेव्हा दिल्लीत सरकारच्या पुढाकाराने ‘सुपर बाझार’ सुरू झाले. ते २००२ मध्ये अवसायनात गेले. अपना बाजारचाही पूर्वीचा बहर राहिला नाही. गिरण्या गेल्या, कामगार वस्त्या पालटल्या, आणि त्याच रस्त्यांवर खाजगी भांडारे झगमगू लागली.

मग त्या खाजगी भांडारांची पाळी आली. चेन्नईस १९९७ मध्ये निघालेल्या ‘सुभिक्षा’ने अवघ्या अकराबारा वर्षांत देशभर सुमारे १६०० दुकाने थाटली आणि २००९ च्या आरंभी ती जवळजवळ एकाएकी बंद पडली. रोकड संपली होती. पगार, भाडे, मालाचे पैसे, सारेच थकले होते. रखवालदार निघून गेले आणि कित्येक ठिकाणी दुकानांतील माल लुटला गेला. त्याच वर्षी, ६ जानेवारीस, इंग्लंडात ‘वूलवर्थ्स’ या शंभर वर्षांच्या जुन्या साखळीचे शेवटचे दुकान मिटले. एकंदर ८०७ दुकाने आणि सुमारे २७००० माणसांची चाकरी. तेथे अखेरीस मांडण्यासुद्धा विकल्या गेल्या. अमेरिकेत १८५९ पासून चालत आलेली ‘ए अँड पी’ ही किराण्याची साखळी, जी एके काळी तेथील सर्वांत मोठी होती, ती २०१५ मध्ये संपली.

आपणां सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण ‘बिग बझार’चे. २००१ साली किशोर बियाणी यांनी ते सुरू केले. बियाणींची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्या गिऱ्हाइकास गर्दी आवडते, धान्यात हात घालून पाहणे आवडते, हे त्यांनी ओळखले. २००६ पासून प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास जी सूट ते देत, तिच्यासाठी शहरांत रस्ते तुंबत. नाशकातही त्यांचे दुकान होते. आता एक गुपित सांगतो, रागावू नये. त्या सुटीच्या दिवसांत आपल्यापैकी कित्येक दुकानदार पहाटे टेम्पो घेऊन नाशकास जात आणि घाऊक बाजारापेक्षा स्वस्त पडणारे तेल-साबण खोक्यांनी उचलून आणीत. ज्यास आपण शत्रू म्हणत होतो, तो वर्षातून काही दिवस आपलाच घाऊक व्यापारी होता.

ही साखळी कर्जावर आणि भाड्याच्या जागांवर वाढली होती. २०२० मध्ये टाळेबंदी आली, दुकाने मिटली, पण व्याज आणि भाडे मिटले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सारा धंदा रिलायन्सने सुमारे २४७१३ कोटी रुपयांस घ्यावयाचा असा करार झाला. ॲमेझॉनने त्यास हरकत घेतली, आणि प्रकरण सिंगापूरच्या लवादापासून आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरत राहिले. मध्यंतरी कित्येक जागांचे भाडेपट्टे रिलायन्सकडे गेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी जागा ताब्यात घ्यावयास आरंभ केला आणि गिऱ्हाईक दाराशी गेले तो दार बंद. एप्रिलमध्ये सावकार बँकांनी करार फेटाळला, जुलैत कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली, आणि २०२४ मध्ये तिच्या अवसायनाचा हुकूम झाला. याउलट २००२ मध्ये पवईस आरंभ झालेल्या ‘डी-मार्ट’ने शक्यतो जागा स्वतःच्या मालकीची घ्यावी, वाढ सावकाश करावी आणि माल देणाऱ्याचे पैसे लवकर द्यावे, असे धोरण ठेविले. ते आजही उभे आहे. आमच्या वडिलांनी व्यापाराचे एकच सूत्र आम्हांस दिले होते, की जागा आपली असावी आणि घाऊकवाल्याचे देणे रात्री उशाखाली नसावे. त्यांनी कोठली पदवी घेतलेली नव्हती.

उठत्या दुकानाशी व्यवहार करताना गृहिणींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. भेटकूपन, आगाऊ भरलेले पैसे, साठविलेले गुण हे आपण दुकानास दिलेले बिनतारणी कर्ज होय. दिवाळखोरीच्या २०१६ च्या कायद्यात देणी भागविण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी त्या कारवाईचाच खर्च, मग कामगारांचे वेतन आणि तारण ठेवून कर्ज देणारे, मग इतर नोकरवर्ग, आणि असे करीत करीत सामान्य गिऱ्हाइकाची पाळी येते तेव्हा बहुधा भांडे रिकामे असते. म्हणून फळीवर पोकळी दिसू लागताच कूपन खर्चून टाकावे. आमच्या घरी हे शहाणपण दोन हजार रुपये मोजून आले. सूट कशावर दिली आहे ते पाहावे. विजेची उपकरणे घेताना हमी दुकानाची की कंपनीची हे विचारावे. दुकानाची असेल तर ती दुकानाबरोबरच गेली. अन्नाची तारीख पाहावी. आणि पाच किलो हळद स्वस्त मिळाली तरी घरात पाच किलो हळद लागते का, हेही एकदा मनास विचारावे.

आता सुरगाण्याकडे येऊ. येथे असे भांडार कधी आले नाही आणि म्हणून कधी बंदही पडले नाही. नाशिक ९० किलोमीटरांवर, पाऊस आडवातिडवा, पाड्यांचे रस्ते असे की टेम्पोवाला भाड्याआधी चाकांचा हिशेब करतो. १९४८ पर्यंत हे संस्थान होते. पलीकडे डांग, वासदा, धरमपूर. सीमेवरच्या गावांतील लोक पुष्कळदा बाजारास गुजरातेतच जातात, आणि २०२२ च्या डिसेंबरात तर काही गावांनी सोयी मिळत नाहीत म्हणून आम्हांस गुजरातेतच घाला अशी मागणी केली. तेव्हा येथील माणसाची खरेदी म्हणजे आठवड्याचा बाजार, रेशनचे दुकान, आणि आपण.

आपण म्हणजे कोण, हे एकदा मोकळेपणाने बोलू या. आपले वाडवडील या डोंगरांत आले तेव्हा मीठ, तेल, कापड घेऊन आले, आणि जाताना नागली, वरई, खुरासणी, मोहाची फुले घेऊन गेले. पावसाळ्यात कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांच्या कणग्या रिकाम्या होत, तेव्हा आपण पायलीभर धान्य देत असू आणि सुगीत त्याच्या दीडपट, दुप्पट भरून घेत असू. हे सर्वांनी केले नाही. पण कोणीच केले नाही असे या सभेत उभे राहून सांगण्याचे धाडस आम्हांस होत नाही. त्यामुळेच १९७२ मध्ये नाशकास आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, १९७६ मध्ये एकाधिकार खरेदीचा कायदा झाला, आणि गावोगावच्या आदिवासी सहकारी संस्थांनी धान्य खरेदी करावे, लागणाऱ्या वस्तू पुरवाव्या, अशी योजना झाली. तीही एक साखळीच होती. ती साखळी आपल्याविरुद्ध ओढलेली होती, आणि ओढण्यास कारण होते.

त्या संस्थांची चाके कोठे चालली, कोठे रुतली. कोठे वेळेवर पैसा येईना, कोठे माल येईना, कोठे कुलूप कायमचे लागले. असे कुलूप पाहून आपण आनंदलो, हे आम्हांस आठवते. आमच्या बंधूंच्या पेढीवर त्या सायंकाळी भजी झाली होती. आम्हीही ती खाल्ली. नाशकाच्या त्या रांगेत उभे असता आम्हांस त्या भज्यांची आठवण झाली, ही गोष्ट आज प्रथमच सांगत आहोत.

संस्थेचे दुकान गेले तेव्हा गरजूस एक दार कमी झाले आणि आपला भाव आणे-दोन आणे चढला. नाशकातील भांडार गेले तेव्हा त्या वस्तीतील लोकांचे काय झाले? म्हाताऱ्या माणसांस दोन चौक ओलांडून जावे लागते. तरुण मंडळी मोबाइलवर मागणी नोंदवितात आणि दहा-पंधरा मिनिटांत घामाघूम झालेला पोरगा दारात येतो. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गर्दी वाढली, पण बारा वर्षे ज्यांनी त्यास तोंड दाखविले नव्हते त्यांस तो आता उधारी देत नाही. यात त्याचे काय चुकले?

दुकान बंद पडले की एक दुकानदार कमी होतो, एवढेच आपण पाहतो. तेथील तीस-चाळीस चाकरांत आपलीच मुले किती आहेत याची मोजदाद मंडळाने करावी अशी आमची सूचना आहे. गेल्या पंधरा वर्षांत बापाची पेढी नको म्हणून कित्येक मुले अशा भांडारांत गेली. भांडार उठले की त्यांचे थकलेले वेतन, भविष्यनिर्वाह निधी, अनुभवाचा दाखला या गोष्टींसाठी कोणाकडे जावे हे त्यांस ठाऊक नसते. मंडळात तीन वकील आहेत. वधूवर मेळाव्यास ते वेळ देतात, तसा महिन्यातून एक दिवस या मुलांस द्यावा.

दुसरी सूचना दुकानदार सभासदांसाठी. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारशेजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचे सामान एकत्र खरेदी करते आणि वाटते. तेथे दुकानच नाही, म्हणून भाडेही नाही. गिऱ्हाइकांस जे जमले ते या पट्ट्यातील पाचपंचवीस दुकानदारांस का जमू नये? एकत्र मागणी नोंदवून एकच गाडी नाशकाहून आणली तर साबणाच्या वडीवर जे वाचेल त्यातून निदान सर्वांस एक भाव लावता येईल. गतवर्षी ही सूचना आम्ही मांडली तेव्हा ‘एकाने दुसऱ्याची खरेदी पाहिली तर स्पर्धा कशी राहील?’ असा प्रश्न आला होता. प्रश्न विचारणारे गृहस्थ नाशकाच्या त्या रांगेत आमच्या पुढे दोन नंबरांवर होते.

राहता राहिली घरची गोष्ट. शेवटच्या आठवड्यात पुतण्याचा दूरध्वनी आला, ‘काका, मांडण्या निघाल्या आहेत. लोखंडी आहेत, चांगल्या आहेत. घ्यायच्या का?’ आम्ही थोरल्या बंधूंस विचारले. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाले, ‘किती फुटी?’ आठ वर्षांत मुलाच्या संदर्भात त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. दोन मांडण्या घेतल्या. पुतण्या त्यांच्याबरोबर टेम्पोतून आला. वणीच्या पुढे पावसाने गाठले, तेव्हा त्याने स्वतःचे पांघरूण त्या लोखंडावर घातले असे टेम्पोवाला सांगत होता.

घरी आल्यावर बापलेकांत संभाषण म्हणावे असे काही झाले नाही. बंधूंनी एवढेच विचारले, ‘पगार मिळाला का?’ तो म्हणाला, ‘नाही.’ बंधू म्हणाले, ‘आमचाही कोणी देत नाही. जेवून घे.’ वहिनींनी पान मांडले.

मांडण्या पेढीच्या भिंतीस लागल्या. त्यांच्या प्रत्येक फळीच्या कडेस प्लास्टिकची पट्टी असते, भावाची चिठ्ठी सरकविण्यासाठी. चार दिवस त्या पट्ट्यांत त्या बंद पडलेल्या भांडाराच्याच चिठ्ठ्या होत्या. खाली आपला गूळ, आणि वर फरशी पुसण्याच्या द्रावाचा भाव! गिऱ्हाईक हसे. पाचव्या दिवशी पुतण्याने त्या काढल्या आणि कोऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून गुळाचा, मिठाचा, चहाचा भाव लिहिला. बंधूंनी ते गल्ल्यावरून पाहिले आणि काही बोलले नाहीत. उधारीच्या गिऱ्हाइकांचे काय, हा जुना प्रश्न तसाच होता. दोन दिवसांनी बंधूंनीच तो सोडविला. म्हणजे प्रत्येक चिठ्ठीवर आपल्या हाताने दुसरा आकडा घातला. वरचा रोखीचा, खालचा होळीपर्यंतचा. दोन्ही सर्वांस दिसतील असे. पुतण्याचे म्हणणे, खालचा आकडा फार आहे. बंधूंचे म्हणणे, तू उधारी वसूल करून दाखव, मग कमी करू.

परवा आम्ही येथे आलो तेव्हा बाजारचा दिवस होता. उंबरठाणकडील एक म्हातारी त्या मांडणीपुढे उभी राहून नातवाकडून चिठ्ठ्या वाचून घेत होती. नागलीच्या फळीवरची चिठ्ठी मात्र अजून कोरी आहे. ती विकण्याच्या भावाची असावी की विकत घेण्याच्या, यावर घरात एकमत झालेले नाही.